सांगितल्याशिवाय उचलायचं नाही

इबू-सान सांगितल्याशिवाय कुणाला हात लावत नसे. टोकियोजवळच्या ग्योतोकुतल्या आमच्या वृद्धाश्रमात पलंगावरच्या माणसाला चाकाच्या खुर्चीत बसवायचं असलं की एका बाजूला ती, दुसरीकडे मी. ती आपल्या इंडोनेशियन भाषेत मोजायची, "सातू, दुआ, तिगा." तिगाला उचलायचं. माणूस शुद्धीवर नसला तरी मोजायची, गेलेला असला तरीही. "पोतं आहे का ते?" म्हणायची.

जपानीत आम्हा दोघींची बोंबच होती, पण तिचे आकडे मला लगेच आले. दहापर्यंत पाठ केलं की बरंचसं झालं. वीस म्हणजे 'दोन दहा', एकोणसाठ म्हणजे 'पाच दहा नऊ'. आमचं एकोणसाठ म्हणजे साठाला एक कमी, हे मी समजावलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला. "मेधा-सान, जे अजून आलंच नाही, तिथपासून कशाला मोजता?"

सकाळच्या व्यायामालाही तीच मोजे. खिडकीपाशी एक आजोबा असत. तरुणपणी मलेशियात लाकूड खरेदीला होते, म्हणून मी त्यांना लाकूडवाले आजोबा म्हणे. ते कुणाशी बोलत नसत. फक्त तिने आठाला 'देलापान' म्हटलं की डोळे न उघडता गुरकावत, "लापान." मलेशियात आठाला तसंच म्हणतात. ती मुद्दाम पुन्हा देलापान म्हणे. या एका शब्दापलीकडे त्यांचा आवाज आम्ही ऐकला नव्हता.

तिचे वडील जावात अंथरुणाला खिळले होते. आपण इथे परक्यांचे बाप उचलतो आणि आपल्या बापाला भावजय उचलते, हे तिला फार लागे. अखेर रजा मिळाली, तिकीट काढलं, आणि निघायच्या आदल्या दिवशी ते गेल्याचा फोन आला. त्यांच्यात दफनाला उशीर करत नाहीत. "आता कुणासाठी जाऊ?" म्हणाली आणि कामावर आली. मला तिचा रागही आला आणि रडूही.

लाकूडवाल्या आजोबांना उचलायचं होतं. त्यांच्या पाठीखाली हात घालून तिने विचारलं, "बाबांना उचलताना कुणी मोजलं असेल का?"

मीही पलीकडून हात घातले. ती "सातू" म्हणाली आणि पुढे तिचा आवाजच फुटेना. आम्ही दोघी वाकलेल्या तशाच राहिलो.

"दुआ," आजोबा म्हणाले. डोळे मिटलेलेच. मग जरा वेळाने, "तिगा."

आम्ही त्यांना उचललं.

हिवाळ्यात आजोबा गेले. न्यायला आलेल्या माणसांना थांबवून इबू-सानने मोजलं. पुढे तीही गावी परतली. आता व्यायामाला मी मोजते, आणि आठाला लापान म्हणते.