रेडिओची खोळ

धाकटी जाऊ घरात आली तेव्हा तिच्यासोबत रेडिओ आला, आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. सरळच सांगते. आता सत्तरी उलटली, लपवून कुणाला फसवायचं?

आमचं गाव कनेरगाव नाक्यापासून पायी अर्ध्या तासावर. पंच्याहत्तर-शहात्तरच्या सुमाराची ही गोष्ट. मी चार वर्षं आधी त्या घरात आले होते, सिद्धेश्वरकडच्या माहेरातून, तांब्याचा एक हंडा आणि चार भांडी घेऊन. त्या चार वर्षांत सासऱ्यांनी पाणी मागण्यापलीकडे मला हाक मारली नव्हती. धाकटीला येऊन महिना झाला नाही तोच ते ओसरीवरून म्हणायला लागले, ‘लेकी, लाव बरं जरा.’ लेकी! चुलीपुढे बसून मी तो शब्द ऐकायची आणि भाकरी जरा जोरातच थापायची.

रेडिओ लाकडी पेटीचा होता, बॅटरीवर चालायचा. त्याला खोळ शिवायचं काम सासूबाईंनी माझ्यावर टाकलं, कारण वाकळ शिवण्यात गावात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. मीही इरेला पेटले. म्हटलं, रेडिओ तिचा असू दे, बघणाऱ्यांनी खोळ बघितली पाहिजे. चांगले चार पदर घेतले, वरून माझ्या लग्नातल्या हिरव्या लुगड्याचा काठ लावला. पुढून उचलायचा पडदा, मागून दोन बंद. आमच्याकडे जी वस्तू मोलाची ती उघडी ठेवत नसत, आणि ही तर घरातली सगळ्यात मोलाची. गल्लीतल्या बायका रेडिओ ऐकायला आल्या आणि खोळीला हात लावून गेल्या. धाकटीही कितीतरी वेळ टाक्यांवरून बोटं फिरवत बसली होती. मला वाटलं, खोट शोधतेय.

पुढच्या वर्षी गावात लाइट आली. धाकटीचा भाऊ वाशीमला रेडिओ दुरुस्त करायचा. त्यानं एका दिवसात पेटीतला बॅटरीचा संसार काढला आणि लाइटवर चालणारं नवं यंत्र बसवलं. पेटी तीच, खोळ तीच, आवाज मात्र असा की पारावर बसलेल्यांना बाजारभाव ऐकू जायचे. सासरे मिशीत हसत बसायचे आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आठ दिवसांनी तो रेडिओ बंद पडायला लागला. गाणं ऐन रंगात आलं की गप्प. खरखर नाही, काही नाही. आतला दिवा मात्र जळत राहायचा. मग कधी अर्ध्या तासानं आपोआप सुरू, कधी सकाळपर्यंत मुका. त्याला ना वेळ ना काळ.

घरातले सगळे रेडिओचे डॉक्टर झाले. आमचे हे म्हणाले एरियल, म्हणून तार लिंबावरून काढून माळवदावर नेली. दीर म्हणाला अर्थिंग, म्हणून न्हाणीजवळ पुरलेल्या तारेला धाकटी सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी घालायला लागली. सासऱ्यांनी ठरवलं की पिठाची गिरणी सुरू झाली की लाइट कमी होते. मग गिरणी बंद असलेल्या दिवशीही तो बंद पडला. सासूबाईंनी मीठमिरच्या ओवाळल्या. पेटीला डावीकडून चापट मारली की चालतो असाही एक शोध लागला, आणि येणारा-जाणारा चापट मारून जायला लागला. खोळीकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. वर्षभर ती अंगावर होती आणि वर्षभर रेडिओ बिनघोर चालला होता. संशय सगळा नव्या गोष्टींवर, आणि नवं काम धाकटीच्या भावाचं. ‘वाशीमवाल्यानं आत जुना माल भरला’ असं गावात बोललं जायला लागलं. विहिरीवर एकदा मीही बोलले.

हरभरा काढायला सगळे शेतात गेले होते, मी ज्वारी निवडायला घरी होते. एकटी असल्यानं हळूच रेडिओ लावला. दोन गाणी झाली आणि तो गप्प. चापट मारायला गेले तर खोळ तव्यावरून उतरवलेल्या भाकरीएवढी गरम. मी बंद सोडले, खोळ उचलून बाजूला ठेवली. थोड्या वेळानं तो आपला आपण बोलायला लागला आणि ज्वारी निवडून झाली तरी थांबला नाही. बॅटरीचं यंत्र तापत नव्हतं, हे नवं तापत होतं, आणि माझे चार पदर त्याचा जीव घेत होते.

शेतातून माणसं यायची वेळ झाली तशी मी खोळ परत चढवली. दोन्ही बंद बांधले, तेही घट्ट. कुणाला काही बोलले नाही.

पंधरा दिवसांनी धाकटीच्या भावाला बोलावणं गेलं. त्यानं ओसरीवर बसून खोळ काढली, पेटी उघडली, सगळं तपासलं. रेडिओ तासभर सुरळीत चालला. खोळ घालून तो चहाला बसला, आणि कप खाली ठेवतो न ठेवतो तोच रेडिओ गप्प. सासऱ्यांचं तोंड कडू झालं. ते म्हणाले, ‘पाव्हणं, घेऊन जा हे. रोजची कटकट नको आमाला.’

तो मान खाली घालून बसला. मी दारामागे पदर सावरून उभी होते. सासऱ्यासमोर सुनेनं बोलायचं नाही ही रीत एरवी मला जाचायची, त्या दिवशी मोठी सोयीची वाटली. त्यानं उचलायला म्हणून खोळीवर हात ठेवला, तो हात तिथेच थांबला. ‘मामा, ह्या खोळीनं...’ एवढंच तो बोलला, आणि माझ्या शेजारी उभी असलेली धाकटी सासऱ्यांदेखत बोलली, ‘दादा, माझ्याच हातून वायर हालली आसंल. तू घेऊन जा.’ त्यानं तिच्याकडे बघितलं आणि वायर गुंडाळली. रेडिओ डोक्यावर घेऊन नाक्याकडे निघाला. खोळ तिनं काढून घेतली होती, घडी घालून.

स्वयंपाकघरात मला राहवलं नाही. विचारलं, ‘खोळीनं बंद पडतंय, तुला ठावं व्हतं?’

‘व्हय. पहिल्याच हप्त्यात चटका लागला.’

‘मंग काढली काहून न्हाई?’

‘समदे तुमच्यावर आले आसते, बाई. अन् ह्या घरात मला कुणी हातानं करून दिलेलं तेवढंच हाये.’

ती पीठ मळायला बसली. मला ते कसं ठाऊक, हे तिनं विचारलं नाही. त्यानंतर आम्ही चाळीस वर्षं एका चुलीवर काढली, तरी कधीच विचारलं नाही.

मी कात्री घेतली आणि खोळीची मागची बाजू चौकोनी कापून टाकली. यांच्याकरवी सासऱ्यांना निरोप दिला की चूक माझ्या खोळीची होती, पाहुण्याचं काम पक्कं आहे. एवढंच सांगितलं, पंधरा दिवसांचं नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी रेडिओ परत आला आणि ओसरीवरून पुन्हा हाक आली, ‘लेकी, लाव बरं जरा.’ मी जळलेच. पण आता रेडिओवर नाही. रेडिओ पुढे मलाही मिळाला. गप्प तर आम्ही दोघीही राहिलो होतो, आणि तिच्या गप्प राहण्याचा मला हेवा वाटत होता, अजून वाटतो.

कापलेला तुकडा तिनं टाकला नाही. कडेनं स्वतः टाके घालून रेडिओखाली अंथरला. एकदा ती बाहेर गेली असताना मी तो उचलून नीट बघितला. टाके वाकडे होते. खोटं कशाला सांगू, ते बघून मला जरा बरं वाटलं.