साहेबाच्या टोपीला सलाम

शरदिनी पुराणिक नागपुरात नाटुकली लिहायची आणि एकटीच सगळ्या भूमिका करायची. १९३१ साली तिने कलेक्टराची अशी हुबेहूब नक्कल केली, की सरकारने आधी तिला तुरुंगात टाकलं आणि सुटल्यावर जिल्ह्याबाहेर हाकललं. ती काशीला, ब्रह्मा घाटावर वेणीमाधवमामांकडे आली. मागोमाग तिथेही हुकूम आलाच: चारचौघांत भाषण, गाणं, संवाद, सगळं बंद.

गणेशोत्सवात ती रंगमंचावर जाणार हे कळताच अन्नपूर्णामामी घाबरल्या.

"अगं, परत आत जाशील!"

"तोंड उघडायला मनाई आहे ना, मामी? मग नाही उघडत."

नजर ठेवायला पोलीस ठाण्याचा दरोगा दिनानाथ पहिल्याच रांगेत बसला. शरदिनी थेट त्याच्यासारख्या झुबकेदार मिशा लावून आली. नाटुकलं मुकंच होतं. साहेबाची टोपी गंगेत पडते. दरोगा टोपीलाच सलाम ठोकतो. टोपी वाहत निघते, आणि कपाळावरचा हात न काढता तोही पाण्यात उतरतो. गुडघे बुडाले, कंबर बुडाली, शेवटी वर उरलं फक्त नाक आणि सलाम! लोकांची हसून हसून मुरकुंडी वळली.

दिनानाथने खटला भरला. कचेरीत इंग्रज मॅजिस्ट्रेटने विचारलं, "ही काय बोलली?"

"कुछ नहीं, हुजूर."

"मग केलं काय? करून दाखव."

दिनानाथचा नाइलाज झाला. त्याने सलाम ठोकला आणि गुडघे वाकवत वाकवत भर कचेरीत नाकापर्यंत बुडाला. वकील खो खो हसले. मॅजिस्ट्रेटने रुमालात तोंड लपवलं.

"दरोगाजी, माझ्यापेक्षा तुमचंच झकास झालं," शरदिनी म्हणाली.

हसू ओसरल्यावर मॅजिस्ट्रेटने तिला तीन महिन्यांची कैद दिलीच. ती आत असताना नागपुरात तिची आई गेली. सरकारने जाऊ दिलं नाही. कित्येक दिवस ती बराकीत भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मग बरोबरच्या बायकांनीच एका संध्याकाळी तिला उठवलं आणि दरोगाची नक्कल करायला लावली.

ती सुटली तोवर दिनानाथ गाझीपूरला बदली मागून निघून गेला होता. घाटावरची पोरं त्याला बघितलं की पाण्यात उभी राहून सलाम ठोकायची.

१९३७ साली काँग्रेसचं सरकार आल्यावर जिल्हाबंदी उठली आणि शरदिनी नागपूरला परतली. तोवर तिच्या मराठीत बनारस पुरतं मुरलं होतं. "जरा रुका, पडदा उघडायचाय," असं ती म्हणाली की मंडळी हसत. तिने ते सुधारलं नाही. उलट पुढच्या नाटुकल्यात रामटेकच्या पाटलाच्या तोंडी घातलं.