पाटीवरची लाल फुली

आजही आठवलं की माझं डोकं फिरतं. लढाई चालू होती, जबलपूरच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत बाप लोक डबल ड्यूटी करून राहिले होते, आणि क्वार्टर्समधल्या आमच्या शाळेत त्यांची पोरं. बालवाडी ते चौथी, एवढीच शाळा. थोरल्या बाईंनी काढलेली. मी त्यांच्या हाताखाली नवी.

बाईंचा एक नियम होता. पोराच्या पाटीवर मोठ्यांनी खडू लावायचा नाही. चुकलं तर पोर स्वतः पुसेल, नाहीतर राहू दे. नर्मदेवरच्या ग्वारीघाटची रेती परातीत पसरायची आणि त्यात बोटानं अक्षर काढायचं. ज्याला जेव्हा जमेल तेव्हा. मला आधी वाटलं, हे काय लाडच लाड! मग एक मुलगी बघितली आणि गप्प बसले.

ती आली तेव्हा तोंडातून शब्द काढत नव्हती. आई नव्हती, बाप कायम ड्यूटीवर. बाईंनी तिच्यापुढे नुसते चिंचोके ठेवले. किती महिने ती ते ओळीत लावत बसली, आणि एक दिवस मोजायला लागली, मोठ्यानं. बाईंनी पदर डोळ्याला लावला.

अशात शाळेच्या कमिटीनं ठरवलं की पहिलीत जागा कमी, तेव्हा बालवाडीतली पोरं तपासून घ्यायची. तपासायला कोण, तर कमिटीचे अध्यक्षसाहेब. हे फॅक्टरीत माल तपासायच्या खात्यात. दिवसभर नग हातात घ्यायचा, बरा असला तर पुढे, नसला तर लाल खूण करून बाजूला. तीच सवय घेऊन आले शाळेत, खिशात लाल खडू! पोरांना रांगेत उभं केलं. जो अडला त्याच्या पाटीवर फुली, आणि वर तोंडानं, “खराब. बाजूला.”

या मुलीला त्यांनी अंक म्हणायला सांगितले. ती हातानं चिंचोके शोधत राहिली. ते मी आणेपर्यंत तिच्या पाटीवर फुली पडली होती. बाई म्हणाल्या, ती मोजते, फक्त हातात काही लागतं. साहेब म्हणाले, लढाईच्या दिवसांत एकेकाचे नखरे कोण बघणार. नखरे! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

ते गेल्यावर बाईंनी सगळ्यांना पाट्या पुसायला लावल्या. तिनं पुसली नाही. पुन्हा तोंड मिटलं. दुसऱ्या दिवशी चिंचोकेही घेतले नाहीत. साहेबांचा राहिलेला खडू तिनं उचलला आणि स्वतःच्या तळहातावर फुली काढली.

बाई नको नको म्हणत होत्या, तरी मी तिला उचलली आणि सरळ साहेबांच्या क्वार्टरवर गेले. ते जेवायला बसत होते. मी तिचा हात त्यांच्यापुढे उघडून धरला आणि म्हटलं, “साहेब, हे तुम्ही शिकवलंत. काहून शिकवलंत ते आता तुम्हीच हिला सांगा.”

साहेब गडबडले. ओला पंचा आणला आणि तिचा हात पुसायला लागले. तिनं हात ओढून घेतला.

“पुसू नका,” ती म्हणाली. “मी खराब आहे.”

आदल्या दिवसापासून मिटलेलं तोंड उघडलं, आणि बोलली ते हे.

मी तिला घेऊन परत आले. संध्याकाळी साहेबांचा निरोप आला की तिला पहिलीत घेतलं. बाईंनी देवापुढे साखर ठेवली. तिच्या तळहातावर फुली तशीच होती; मी ती साखर तोंडात घातली नाही.