चादरींना लागलेली माती

आमच्या गल्लीतल्या लाँड्रीवाल्या मावशी म्हणजे तोंडाळ बाई. इस्त्रीपेक्षा जीभ गरम. पण सख्ख्या भावाबद्दल कोणी ब्र काढलेला त्यांना खपायचा नाही. दादा तलावाच्या धरणावर दरवाजे उघडण्याच्या कामाला. वर बोटिंग, क्लब, सुट्टीची गर्दी. धरणाच्या खाली आमची घरं. भिंत म्हातारी झालीय अशी कुजबुज उठली, की मावशी म्हणायच्या, "माझा दादा पायथ्याशीच राहतो ना, बायकापोरांसकट? त्याला काय जीव नकोसा झालाय?" मग आम्ही गप्प व्हायचो आणि निवांत झोपायचो.

भिंतीच्या बुडाशी पाणी पाझरायचं. दादा त्याला झरा म्हणायचा, म्हणून आम्हीही झराच म्हणायचो. पाणी इतकं नितळ, की तळातले खडे मोजून घ्यावेत. क्लबच्या पांढऱ्या चादरी मावशी तिथंच खळबळायच्या.

एक दिवस, भर उन्हाळ्यात, चादरी मातकट निघाल्या. पुन्हा धुतल्या, पुन्हा तेच. आधी मावशींनी साबणवाल्याचा उद्धार केला. मग पाण्यात हात घातला, तर मुठीत गाळ आला. ओली चादर खांद्यावर टाकून त्या तडक दादाच्या क्वार्टरवर गेल्या.

स्वयंपाकघरात ना गॅस, ना भांडी. दादा एकटाच खुर्चीवर बसला होता.

"वहिनी कुठंय?"

"टेकडीवर खोली घेतलीय. झोपायला मीही तिकडंच. झाले दोन-तीन महिने."

"आणि हे बघ. भिंतीतली माती येतेय ना ही?"

त्यानं चादरीकडे बघितलंसुद्धा नाही. "ओरडू नकोस. बोभाटा झाला तर तलाव रिकामा करावा लागेल, तोही ऐन सीझनमध्ये. माझी नोकरी राहील का? तुझ्यासाठीही खोली बघितलीय. तू चल. फक्त खाली कोणाला बोलू नकोस."

भरवशाच्या म्हशीला टोणगा, दुसरं काय! परक्यानं फसवलं असतं तर मावशींनी त्याच्या सात पिढ्या धुऊन काढल्या असत्या. इथं त्यांना शिवीसुद्धा सुचली नाही. एवढंच म्हणाल्या, "दादा, तुझ्या जिवावर मी सगळ्यांना गप्प बसवलं रे."

परत येऊन पहिलं दार त्यांनी माझं वाजवलं. "धरणाचं काही खरं नाही. निघा."

मी वैतागले. "अहो मावशी, तुमचा दादा आहे की तिथं!"

"तो तिथं राहत नाही आता," मावशी म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या.

मी तशीच आत वळले. गॅस बंद केला आणि पाळण्यातलं पोर उचललं.