तिचं तोंड रॉमध्ये घेतलं

कोणतंही नवीन काम आलं की दीर आधी एकच विचारतो, "वहिनी, रॉमध्ये घ्यायचं का साधं?" आणि मी म्हणते, साधं. तो तोंड वाकडं करतो. मंग तेच ते भांडण. क्लायंट मोठा आहे, एवढा भारी कॅमेरा काय हळदीच्या व्हिडिओसाठी घेतला का, पुण्याचे लोक हसतील. हसू द्या बापडे. मला या वादाचा कंटाळा आलाय. खरं म्हणजे या धंद्याचाच आलाय, पण दुसरं काही येत नाही.

आमचं दुकान नवीन जालन्यात, स्टेशनच्या अलीकडं, जिना चढून वर. आजूबाजूला सगळी बियाण्यांच्या कंपन्यांची ऑफिसं. दीर शूटिंग करतो, मी एडिटिंग. नवऱ्याला यातलं काही कळत नाही आणि तो तसं कबूल करतो, एवढं त्याचं बरं आहे. लग्नं-वाढदिवस कमी करून आम्ही कंपन्यांच्या जाहिराती करायला लागलो, तेव्हा हे रॉचं खूळ घरात शिरलं.

रॉ म्हणजे काय ते सासूबाईंना सांगितलं होतं तसंच सांगते. साध्या फॉरमॅटमध्ये कॅमेरा रंग, उजेड सगळं जागच्या जागी ठरवतो आणि शिजवलेली भाजी हातात देतो. तिच्यात नंतर थोडंफार वरखाली करता येतं, जास्त नाही. रॉमध्ये तो काहीच शिजवत नाही. कच्चा भाजीपाला पोतं भरून आणून टाकतो. आता बसा निवडत, चिरत, हवं ते करा. सासूबाई म्हणाल्या, "म्हंजे काम तुलाच." बराबर ओळखलं त्यांनी. दीर शूटिंगवर सारखा म्हणतो, "नंतर करू." ते नंतर म्हणजे मी. डिस्क भरते, कॉम्प्युटर अडकतो, मान अवघडते, आणि कणकेचे हात धुऊन मी पुन्हा त्या खुर्चीत.

हसनाबादच्या कामाला मात्र आमचं दोघांचं एकमत झालं होतं. एका बियाणे कंपनीची कापसाची फिल्म होती आणि शेत तिथल्या एका बाईचं. पीक खरोखर देखणं. बोलायला तर ती अशी, की कंपनीनं लिहून आणलेलं भाषण बाजूलाच ठेवावं लागलं. साठीच्या आतली, उंच, काळी. काळी म्हणजे माझ्यापेक्षाही काळी, आणि मी काही उजळ नाही. दुपारच्या उन्हात कापूस डोळे दिपवत होता आणि पदराखाली तिचं तोंड अंधारात जात होतं. कापूस नीट धरला की तोंड दिसेना, तोंड नीट धरलं की कापसाचा नुसता पांढरा गोळा. अशा वेळी रॉ लागतंच. ते दोन्ही पकडून ठेवतं, मंग सावकाश जुळवता येतं. दीर जाम खूश झाला.

मी तिच्या पदराला माइक लावत होते, तेव्हा ती हळूच म्हणाली, "ताई, एक सांगू? माझं तोंड जसं हाय तसंच येऊ द्या. गोरंबिरं करू नका."

"कशाला करू मावशी?"

"करतेत. लग्नाच्या वक्ताला बापानं मला फोटो काढायला जुन्या जालन्यात नेल्तं. फोटोवाल्यानं असं गोरं केलं, की माझी मलाच वळख पटंना. पाव्हणे फोटो पाहून आले. चहा घेतला आन् माझ्यासमोर बापाला म्हणले, फोटोतली पोरगी आणा. बापानं नुसत्या कपबशा उचलल्या. नंतर दुसरीकडं लगीन झालं, पण बिनफोटोचं. तवापासून मी फोटोच काढला न्हाई. आधारचा काय तो तेवढा."

मुलगी दाखवायच्या फोटोत रंग उजळून देणं हा आमच्याकडं रिवाजच. फोटोवाले न विचारता करायचे आणि आईबाप त्यांना दुवा द्यायचे. माझाही केला होता. माझं निभावलं, एवढंच. मी तिला म्हटलं, "मावशी, तुमच्या तोंडाला कुणी हात लावणार न्हाई. जबान देते." ती हसली आणि कापूस वेचायला लागली.

फिल्म झाली, आणि काय सांगू, इतकं चांगलं काम माझ्या हातून क्वचितच झालं असेल. बोंड न् बोंड दिसत होतं. आणि तिचं तोंड! काळं, घामेजलेलं, हसताना डोळ्यांच्या कडांना पडणाऱ्या सुरकुत्यांसकट. मी एकटीच खुर्चीत बसून हसत होते. मान दुखत होती तेही विसरले.

दिराला घेऊन कंपनीच्या साहेबांना त्यांच्या ऑफिसात दाखवली. साहेब भला माणूस, कधी आवाज चढवणार नाही. म्हणाले, "एकदम बढिया, मॅडम. फक्त बाईंचा चेहरा थोडा उजळा."

"साहेब, त्यांचा रंगच तसा आहे."

"ते मला दिसतंय ना. पण शेतकरी खूश दिसला पाहिजे. चेहरा फ्रेश पाहिजे."

"खूशच आहे की ती. हसतीय ना."

"मॅडम, छोटंसं काम आहे."

"ते होत नाही हो," मी ठोकून दिलं. लग्नाच्या कामात नवरीची आई मागं लागली की आम्ही हेच सांगायचो, कॅमेऱ्यात आलं तेवढंच, आता काही होत नाही. तेव्हा ते बऱ्यापैकी खरंही असायचं. लोक चडफडायचे आणि गप बसायचे.

साहेब हसले. "रॉमध्ये घेतलंय ना? तुमच्या दिरांनीच मला समजावून सांगितलं, रॉमध्ये काहीही करता येतं म्हणून. मंग काय अडलं?"

दीर एकदम मोबाइलमध्ये घुसला. मेल्या, कुठं मिरवायला गेलास!

मंग मी साहेबांना त्या फोटोची, पाहुण्यांची सगळी हकिकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली. वाईट वाटलं म्हणाले. आणि म्हणाले, "म्हणूनच तर मॅडम, आता तरी त्यांना छान दिसू द्या."

कपाळ माझं! मी करणार नाही, एवढं म्हणून उठले. घरी येईपर्यंत दीर मागं लागला होता, वहिनी, क्लायंट जाईल. जाऊ दे म्हटलं. पण मूळ फायली कंपनीच्या, असं बोलीत ठरलेलं होतं. दुसऱ्या एडिटरकडं पाठवायला मागितल्यावर द्याव्याच लागल्या. डिस्कमध्ये कॉपीही मीच केल्या, दिराला ते नीट जमत नाही. साधं घेतलं असतं तर पुढच्या माणसानं कितीही ओढाताण केली असती तरी तोंड राखेसारखं पडलं असतं आणि साहेबांनी नाद सोडला असता. रॉनं तिचं सगळं इमानदारीत पकडून ठेवलं, म्हणूनच ते इतकं सहज बदलता आलं. मला त्या फायलींचा राग आला. निर्जीव वस्तूचा राग येतो का? मला येतो.

शेतकरी मेळाव्यात फिल्म लावली. मी गेले नाही, दीर गेल्ता. आल्यावर चपला काढता काढता म्हणाला, "गव्हाळ केलंय, वहिनी. सफाईनं केलंय, कळत सुद्धा न्हाई." मी त्याला जेवायला वाढलं.

मंग एके दिवशी तिचा फोन आला. मी दुकानात एकटीच होते.

"ताई, पाह्यली फिल्म. कापूस लई झ्याक आलाय."

"मावशी, ते मी न्हाई केलं. मी सांगितलं होतं त्यांना, मी..." जबान दिली होती मी, आणि आता कुणी केलं आणि कुणी नाही, त्याचा हिशेब तिला काय ऐकवायचा?

"असू द्या," ती म्हणाली. "गावातले म्हणून राह्यले, कंपनीनं आवाज तुझा घेतला आन् बाई दुसरीच उभी केली. सून पण तेच म्हणती."

"मंग तुम्ही काय म्हणलात?"

"काय म्हणणार? हो म्हणलं. दुसरीच हाय ती."