बागामोयोच्या वाळूत बसलेल्या काकू

मी निघाले त्या दिवशी आई दापोलीच्या स्टँडपर्यंत आली, पण तिने मला जवळ घेतलं नाही. सकाळीच तिने किनाऱ्यावर जवळा, ती बारीक कोळंबी, वाळत घातला होता. "नव्या ड्रेसला वास लागंल, बाय," म्हणाली आणि दोन हात लांब उभी राहिली.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. आता सिडनीत, गिरावीनला, केतकीसोबत एका खोलीत राहते. ती पुण्याची, आईबाबा दोघंही डॉक्टर. या सुट्टीत ती त्यांच्याबरोबर पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची जुनी गावं बघत फिरतेय. मी इथे युनीचा राहिलेला अभ्यास आणि वेस्टमीडमधल्या नोकरीची शिफ्ट यांत. रोज तिचे फोटो येतात. झांझिबारचे नक्षीदार दरवाजे, लामूच्या बोळांतली गाढवं, माडांच्या रांगा. "अगं, सेम तुझं कोकण! तू हवी होतीस," असं ती लिहिते. मी "एन्जॉय, मेट" लिहिते आणि फोन उलटा ठेवते. तुम्हा गावी राहिलेल्यांना आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांना हे सांगायला लाज वाटते, पण मला तिचा हेवा वाटतो. प्रवासाचा असेल, असं आधी वाटलं.

परवा टांझानियातल्या बागामोयोहून फोटो आला. केतकीची आई वाळूत पाय पसरून बसलीये, हातात शहाळं. मागे काही बायका ओणव्या होऊन वाळूवर बारीक मासळी पसरताहेत. मी काकूंकडेच बघत राहिले. माझ्या आईचा सगळा जन्म समुद्रापाशी गेला, पण तिला वाळूत नुसती बसलेली मी कधी पाहिली नाही. किनारा म्हणजे काम. नुसतं बसायला तिथे पाहुणे येतात.

तेव्हाच आईला व्हिडिओ कॉल लावला. ती किनाऱ्यावरच होती.

"आई, जरा वाळूत बस ना. काही न करता."

"खुळी काय तू? कावळे जवळा नेतील. आणि बायका काय म्हणतील, हिला घेरी आली?"

"बस गं."

बसली. पण ताठ, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघावी तशी.

"बसले. आता काय करू?"

"काही नाही."

"किती वेळ?"

तिच्या शेजारची वाळू रिकामी होती. केतकीचा हेवा अजून गेलेला नाही. पण इथे कुणी घर कुठे म्हणून विचारलं, की गावाच्या नावाआधी मला आईशेजारची ती रिकामी जागा आठवते.