खोट्या खिडक्यांचं हॉटेल

ज्याने जन्मभर नाटकांचे पडदे रंगवले त्याला उतारवयात हॉटेल काढायला बंदी असावी, असं सिस्टरचं ठाम मत होतं. पण तशी बंदी नव्हती, आणि तो माणूस तिचाच नवरा होता. त्यामुळे रोज सकाळी त्याच हॉटेलातल्या चादरी बदलायची वेळ तिच्यावर आली होती.

सिस्टर म्हणजे निवृत्त परिचारिका. मुलांच्या वॉर्डात तिने केस पांढरे केले. नोकरी संपली तरी नाव चिकटून राहिलं. नवरासुद्धा चारचौघांत तिला सिस्टरच म्हणे. त्याला सगळे पडदेवाले म्हणत. नाटक कंपन्या बंद पडल्यावर त्याच्या हाताला कंड सुटली आणि ती त्याने राहत्या दुमजली घरावर भागवली. एका खोलीत जंगल केलं, दुसरीत समुद्राचा तळ, मग राजवाडा, इग्लू, चंद्र. लोक येऊ लागले. दोन रात्री राहायचं आणि पन्नास फोटो काढायचे! अशा लोकांना घरी आरसे नसावेत, असं सिस्टरला वाटे.

प्रत्येक नव्या खोलीत पहिल्यांदा सिस्टरने झोपून बघायचं, हा पडदेवाल्यांचा शिरस्ता होता. नाटकाची रंगीत तालीम असते ना, तसं. स्वतः ते दाराशी उभे राहून खोली बघत आणि खूश होऊन कार्यशाळेतल्या बाकावर जाऊन घोरत. पलंगावरून काय दिसतं ते फक्त सिस्टरला ठाऊक होतं. जंगलातल्या प्लायवूडच्या नारळाच्या झाडांच्या पाठी कोऱ्या होत्या, त्यांवर खिळ्यांची टोकं आणि पेन्सिलीच्या खुणा. ऑक्टोपसचा स्पंजाचा एक हात बरोबर उशीवर लोंबायचा. राजवाड्यात सिंहासन होतं, ते उघडलं की आत कमोड.

"अहो, राजा यावर बसून काय करत होता, हे तरी विचार करून बनवलंत का?"

"कल्पनाशक्ती पाहिजे, सिस्टर."

"मला पोट साफ व्हायला कल्पनाशक्ती लागत नाही."

जंगलातल्या वाघाचे डोळे पंख्याच्याच बटणावर पेटत. एका नव्या नवरदेवाने खाली येऊन तक्रार केली होती, "वाघ रात्रभर बघतोय हो आमच्याकडे."

"पंखा बंद करा," सिस्टर म्हणाली.

"मग उकडतं."

"जंगलात उकडायचंच."

हे सगळं तिने हसण्यावारी नेलं असतं. तिच्या डोक्यात जायच्या त्या खिडक्या. रंगमंचावर खरी खिडकी नसते; बाहेरचा उजेड आत आला की रंग मेले, असं पडदेवाल्यांचं शास्त्र. म्हणून त्यांनी एकेका खिडकीवर प्लायवूड ठोकलं आणि त्यावर सुंदर, झुळझुळीत पडद्यांची खिडकी रंगवली. भिंतीत खरी खिडकी असताना तिच्यावरच खोटी काढणारा हा माणूस जगात एकटाच असेल. खोल्यांत डिंकाचा आणि रंगाचा वास कोंडून राही. उघडी खिडकी उरली होती फक्त मागच्या खोलीला, जिथे सिस्टर स्वतः झोपायची. लोखंडी पलंग, कपाट, आणि खिडकीतून टायरवाल्याची गच्ची. त्या गच्चीत बघण्यासारखं काही नव्हतं, पण वारा यायचा.

त्याच खोलीत आता लेक येणार होती, बाळाला घेऊन. बाळाची छाती सारखी भरायची. लेक राहायची त्या इमारतीशेजारी बांधकाम चालू होतं, सगळीकडे धूळ. "आई, काही दिवस येऊ का?" असं तिने फोनवर विचारलं, तेव्हा सिस्टरने लगेच मागच्या खोलीतला पलंग खिडकीखाली सरकवला. वॉर्डात असं मूल आलं की ती आधी त्याला खिडकीजवळच्या खाटेवर हलवायची. डॉक्टरांना जे लिहायचं ते त्यांनी नंतर लिहावं.

लेकीला आणायला निघताना तिने नवऱ्याला बजावलं, "मागच्या खोलीला हात लावलात तर बघा."

"माझंही नातवंड आहे ते," पडदेवाले दुखावल्या सुरात म्हणाले.

तिथेच तिला शंका यायला हवी होती.

दोघी बाळाला घेऊन परत आल्या तेव्हा दुपार होती. पडदेवाले दाराशीच उभे, मिशीला पांढरा रंग. त्यांच्यामागे दोन पाहुणे मोबाइल सरसावून उभे होते. "डोळे मिटा," म्हणत त्यांनी दार ढकललं.

मागची खोली ढगात गेली होती. छताला कापसाचे ढग, लोखंडी पलंगाला चमकीचे पंख. आणि जिथे खिडकी होती तिथे प्लायवूडवर रंगवलेली खिडकी, तीत हसरा, गुलाबी गालांचा सूर्य. रंग अजून ओला होता.

"बाबा..." लेक म्हणाली.

बाळ शिंकलं. मग खोकलं. खोकला थांबेना, तसं लेकीने त्याला खांद्यावर घेतलं आणि आईकडे बघितलं. ती नजर सिस्टरने वॉर्डात शेकडो आयांच्या डोळ्यांत पाहिली होती. आपल्या लेकीच्या डोळ्यांत पहिल्यांदाच.

"सोनेरी चमकी आहे, थोडी उडते," पडदेवाले म्हणाले, "दोन दिवसांत बसेल."

"छातीत बसेल," सिस्टर म्हणाली. "तू बाहेर अंगणात थांब गं त्याला घेऊन."

कोपऱ्यात हत्यारांची पेटी होती. तिने खिळे उपटायची हातोडी उचलली, पलंगावर चढली आणि प्लायवूडच्या कडेत घातली. पाहुण्यांना वाटलं, हाही खेळाचाच भाग. एकाने टाळी वाजवली.

"अगं, काय करतेस? सूर्य फाटेल!"

"फाटू दे. मागे खरा आहे."

कर्रकन आवाज झाला. सूर्याचा गाल चिरला, मग कपाळ, आणि अख्खी फळी पलंगावर आडवी झाली. तिने कडी काढली. टायरवाल्याच्या गच्चीवरून रबराचा थोडा वास आणि भरपूर वारा आत आला. छताचे ढग हलले, दोन खाली पडले. तिने उरलेलेही ओढून काढले, पंख उपटले, ओल्या फडक्याने पलंग, जमीन, कपाटाचा माथा सगळं पुसलं. पडदेवाले बादलीतलं पाणी बदलून देत राहिले. तेवढी अक्कल त्यांना होती.

संध्याकाळी बाळ खिडकीखाली झोपलं. लेक त्याचा श्वास ऐकत बसली होती, सिस्टर लेकीचा.

फाटलेला सूर्य मात्र त्या माणसाने टाकला नाही. दुसऱ्या दिवशी तो इग्लूच्या खोलीत चिकटवलेला होता, गालावर चीर तशीच. खाली पाटी होती, 'बर्फावरचा सूर्योदय'. बाहेर फोटोसाठी रांग लागली होती.